खोकायला लावणारे सर

आमच्या सरांचा पेशंट ओळखायचा तो खोकल्यावरून. छातीला मार लागलेल्या माणसाला घरचे सांगतात, हलू नको, बोलू नको, खोकू तर मुळीच नको. सर राउंडला आले की नेमकं उलटं सांगायचे. "खोका. अजून जोरात. शेजारच्या वॉर्डात ऐकू गेलं पाहिजे." बरगड्या मोडलेला माणूस त्यांच्याकडे असा बघायचा, की अंगात बळ असतं तर उठून दोन ठेवून दिल्या असत्या. मी सिस्टर म्हणून सरांच्या हाताखाली बरीच वर्षं काढली. ती नजर मला पाठ होती.

सरांचं खरं वैर होतं ते छातीला आवळून बांधलेल्या फडक्याशी. सातपूरचा कामगार असो की पेढीवरचे शेठ, फडकं दिसलं की सर ते स्वतःच्या हाताने सोडायचे. "दुखतं म्हणून अर्धा श्वास घेता, मग कफ साठतो, न्यूमोनिया होतो. माणूस बरगडीने जात नाही, त्याने जातो." एखाद-दुसरी बरगडी मोडली असेल तर गोळ्या देऊन आणि श्वासाचे व्यायाम शिकवून ते घरी पाठवायचे. पण बऱ्याच मोडल्या आणि छातीचा तुकडा सुटून श्वास घेताना आत जाऊ लागला, की धातूच्या पट्ट्या नि स्क्रू लावून बरगड्या जोडायचे, तेही लगेच. ऑपरेशन नको म्हणणाऱ्याला इतकं फैलावर घ्यायचे की नातेवाईक माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन यायचे. "तुमचे सर फार तोंडाळ आहेत हो." मी मान डोलवायची. खोटं कशाला बोलू?

या तोंडाळ माणसाची बोलती बंद करणारा जगात एकच माणूस होता, त्यांचा थोरला भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा दादांनी शाळा सोडली आणि मखमलाबादच्या मळ्यात फुलं पिकवून सरांना डॉक्टर केलं. दादा भेटायला आले की सर खुर्चीतून उठायचे, ते दादा जाईपर्यंत बसायचे नाहीत. आम्ही सगळ्या गालातल्या गालात हसायचो.

एका वर्षी दसऱ्याच्या तोंडावर शहरातल्या द्वारका चौकात दादांच्या मोटरसायकलला टेम्पोने उडवलं. दादा आले ते छातीला उपरणं करकचून बांधून. उजव्या बाजूच्या बऱ्याच बरगड्या दोन-दोन जागी मोडून छातीचा तुकडा सुटला होता. सर एक्स-रेचे फोटो बघून आले आणि कॉटजवळ उभे राहिले.

"दादा, ऑपरेशन करावं लागेल. उद्याच."

"झेंडू तोडणीला आलाय. दसरा होऊन जाऊ दे, मंग काय कापायचं ते काप."

"थांबणं बरं नाही, दादा."

"आरं, बरगडीच हाय ना? लय मनावर नको घेऊ. मळा कोण बघल?"

आता सर भडकतील, उपरणं ओढून सोडतील, म्हणून मी वाट बघत होते. सर म्हणाले, "बरं, दादा."

गोळ्या दिल्या, व्यायाम समजावले, सोबत माणूस देऊन घरी पाठवलं. उपरण्याला मात्र त्यांनी हात लावला नाही.

दसऱ्याला वॉर्डाच्या दारावर दादांच्याच मळ्यातल्या झेंडूचं तोरण लागलं. ते सुकायच्या आत दादा परत आले, तापाने फणफणलेले, धापा टाकत. आता ऑपरेशन करण्यासारखी अवस्था राहिली नव्हती. सर त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होते, "दादा, खोका ना. एकदा जोरात खोका." दादांच्या अंगात तेवढीही ताकद नव्हती. दोन दिवसांनी ते गेले.

त्यानंतर सरांचं ओरडणं संपलं. पेशंटचे नातेवाईक खूश झाले, मला वॉर्ड ओकाबोका वाटायला लागला.

सर निवृत्त व्हायच्या सुमारास दिंडोरीकडचे एक म्हातारे बाबा आले. त्यांची छाती तशीच मोडलेली, वर धोतराची पट्टी बांधलेली. घरी नातीचं लग्न, म्हणून ऑपरेशनला ठाम नकार. सरांनी स्टूल ओढलं आणि कॉटजवळ बसले. "बाबा, शिव्या द्या, रागवा. मी उठणार नाही." बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. ओपीडी खोळंबली, चहा निवला, सर बसूनच होते. शेवटी बाबा भिंतीकडेच बघत पुटपुटले, "कर बाबा, काय करायचं ते."

सरांनी पट्टी सोडली, नीट घडी घालून माझ्या हातात दिली. दारापाशी आल्यावर थांबले. म्हणाले, "एवढंच तर करायचं होतं हो, सिस्टर."