अल हिलालचे सलामकाका

सलामकाका कुणीही भेटलं की उजवा हात छातीवर ठेवून ‘सलाम’ म्हणायचे. नगरकडच्या ख्रिस्ती घरांतली ती जुनी रीत. दोहात मात्र ती सगळ्यांना आपलीच वाटायची. इमारतीचा सुदानी वॉचमन, सूक वाकिफ बाजारातला मसालेवाला, सगळे तोंडभरून ‘वालेकुम सलाम’ म्हणत. मग काका खुशीत येऊन मला सांगत, “बघ पोरी, सलाम नगरचा, उत्तर अरबस्तानचं. पोचलं ना? खलास!”

दोहाच्या अल हिलाल भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच राहत. काकू वारलेल्या. एकुलता एक आशिष इंग्लंडात, लीड्सला शिक्षक. काका फुटबॉलच्या विश्वचषकासाठी उभ्या राहत असलेल्या एका स्टेडियमवर काँक्रीट तपासायचे. तिथल्या पायऱ्यांबद्दल ते घरच्या अंगणाबद्दल बोलावं तसं बोलत.

शुक्रवारी सुट्टी, म्हणून त्यांची उपासनाही शुक्रवारी. चर्चच्या मराठी मंडळीत शास्त्रवाचन, म्हणजे बायबल वाचून दाखवणं, त्यांच्याकडे होतं. ते आटोपून ते थेट आमच्याकडे जेवायला येत. आम्ही नाशिकचे हिंदू. पण काकांनी देवाचे आभार मानल्याशिवाय आमच्याकडे कुणी घास उचलत नसे. डोळे मिटून ते एकेकाचं नाव घेत. काकूंचं, आशिषचं, आम्हा दोघांचं, आणि शेवटी माझ्या सात वर्षांच्या मीराचं.

एका शुक्रवारी मात्र ते ताटावर नुसतेच बसून राहिले.

“पोरी, सिव्हिल पार्टनरशिप म्हणजे लग्नच का गं?”

आशिषचा फोन आला होता. मार्क नावाच्या मित्राबरोबर तो कित्येक वर्षं राहत होता. आता दोघं कचेरीत जाऊन तशी नोंद करणार होते. ‘पप्पा, तुम्ही या,’ असं त्याने म्हटलं होतं.

“कायद्याने जवळपास तेच,” मी म्हटलं. “पण चर्चमध्ये नाही, कचेरीत.”

“म्हणजे देवाला बोलावलेलंच नाही,” काका म्हणाले. क्षणभर त्यांना त्यात वाट दिसली असावी. मग मान हलवून म्हणाले, “पण शास्त्रात आहे ते आहे. मी ते दर शुक्रवारी वाचतो.”

मंडळीतल्या पंचांनीही तेच सांगितलं. काका गेले नाहीत. नोंदीच्या दिवशी ते नेहमीसारखे साइटवर गेले आणि संध्याकाळी माझ्याकडे चहा मागून तो न पिताच उठले.

आशिषने भांडण केलं नाही. त्याचे फोन फक्त आखूड होत गेले. काकांनी एकदा धीर करून त्याला म्हटलं, “स्टेडियम पूर्ण होतंय. बघायला ये. माझ्या पायऱ्या दाखवतो.” तो म्हणाला, “पप्पा, मी एकटा येणार नाही. आणि आम्ही दोघं तिथे दोघं म्हणून येऊ शकत नाही.” हे मला सांगताना काका रागावलेले नव्हते. “बरोबर बोलला तो,” एवढंच म्हणाले. “इथला कायदा त्याला अडवतो. माझ्या घराच्या दारात मात्र मीच उभा होतो.”

पुढच्याच शुक्रवारी आभार मानून त्यांनी डोळे उघडले, तेव्हा मीरा हात जोडून तशीच बसलेली. तिला मराठी सगळं कळतं. बोलते ती इंग्रजीतच.

“काका, यू फरगॉट मार्क.”

मी तिला डोळ्यांनी दटावलं. काकांनी आमटीची वाटी बाजूला सरकवली. मग त्यांनी पुन्हा डोळे मिटले आणि घसा खाकरून म्हणाले, “आणि प्रभू, मार्कलाही.”

नंतर त्यांनी मंडळीतही उभं राहून आशिष आणि मार्क अशी दोन्ही नावं घेतली, मोठ्याने. दुसऱ्या आठवड्यात वाचन दुसऱ्या कुणाकडे गेलं. काका शेवटच्या रांगेत बसू लागले, पण जायचं त्यांनी थांबवलं नाही. “वाईट नाही वाटत?” मी विचारलं. “वाटतं ना. तीच माझी माणसं आहेत, पोरी. दुसरी कुठून आणू?”

स्पर्धेला वर्ष उरलं होतं. सगळ्यांनी थांबायचा आग्रह केला, पण काका नोकरी सोडून लीड्सला गेले. विमानतळावर त्यांच्या हातात मार्कसाठी घेतलेला ओव्याचा डबा होता. आशिषने सांगितलं होतं, की त्याचं पोट नाजूक आहे.

फोनवर मी एकदा विचारलं, “मग शास्त्राचं काय ठरलं, काका?”

“नाही ठरलं. अजून वाचतोय. तोवर मार्क रोज सकाळी माझ्या गोळ्या काढून ठेवतो. मी त्याला मराठीतच रागावतो.”

मार्क मराठी शिकत होता. काका घरी नसताना मी फोन केला, की तो घोकलेलं वाक्य सावकाश म्हणायचा, “पप्पा फिरायला गेले.” मीरा ते ऐकायला मुद्दाम स्पीकर लावायला सांगायची.

पहिल्या सामन्याला आठवडा राहिला होता. दोहाभर झेंडे लागले होते. सकाळी लीड्सहून फोन आला. आशिषला बोलवत नव्हतं, म्हणून मार्क बोलत होता.

“पप्पा गेले,” तो म्हणाला.

तो मधला शब्द विसरला असेल म्हणून मी थांबले. मीरा स्पीकरकडे बघत होती. मग पलीकडून त्याच्या रडण्याचा आवाज आला.