लेकीचं जॅकेट दिसलं पाहिजे

सांगताना अजून कान गरम होतात. पण चहा येईपर्यंत ऐका. भर बाजाराच्या दिवशी मी एका भल्या माणसाला लबाड म्हणालो. मी! ज्याचा आवाज घरातल्या कोंबडीलाही ऐकू जात नाही, तो!

माझी लेक नाशिकला दवाखान्यात नर्स आहे. तिनं मला फ्लीसचं जॅकेट पाठवलं. लालभडक. हाताला कोकरासारखं मऊ. आमच्या पोशेऱ्यात, अख्ख्या गावात असं कुणाकडे नाही.

फोनवर म्हणाली, "बाबा, त्यातून वारं घुसतं, पाण्यात ते भिजतं. वरून घालायला एक पातळ जॅकेट घ्या. हवा खेळेल असं घ्या हां."

"घेतो ग बाय."

मोखाड्याच्या बाजारात गेलो. दुकानदारानं निळं जॅकेट काढलं. त्याला काखेत चेन. म्हणाला, "चढ चढताना उघडायची. आतली वाफ बाहेर जाते."

आता तुम्हीच सांगा, काखेला भोक असलेलं कोण घेईल? आणि खरं सांगू? निळ्याच्या आत माझं लाल दिसतच नव्हतं! लेकीनं पाठवलेलं झाकून गावातून चालायचं? तेवढ्यात आरपार दिसणारा प्लास्टिकचा रेनकोट नजरेला पडला.

"हाच द्या."

"बाबा, यात जीव गुदमरतो."

"गुदमरू दे. लाल दिसतं ना?"

पुढच्या बाजाराला भर थंडीत अवकाळी पाऊस भुरभुरत होता. लोक वैतागले, मी खूश! गळ्यापर्यंत बटणं लावली, डोक्यावर भोपळ्यांची पाटी घेतली आणि निघालो. सोबत माझा लहानपणचा दोस्त काशिराम, छत्री घेऊन.

"लहान्या, पिशवीतला टमाटा दिसतोस!"

"जळ तू."

चढ लागला. अर्ध्या वाटेत काशिराम थांबला. "अरे, तुझं जॅकेट कुठं गेलं?"

खाली पाहिलं. प्लास्टिक आतून पांढरं झालेलं. लाल गायब! मोखाड्यात पोचलो तेव्हा बाह्यांतून पाणी टपकत होतं. लेकीचं ते मऊ जॅकेट भिजल्या मांजरासारखं अंगाला चिकटलं होतं. माझे डोळेच भरून आले. पोरीनं एवढ्या मायेनं पाठवलेलं, आणि या माणसानं गळका माल देऊन त्याची वाट लावली?

थेट दुकानात शिरलो.

"लबाडा! म्हाताऱ्याला गळका कोट देतोस?"

दुकानात एक बाई पोरांसाठी दोन रेनकोट बघत होती. तिनं ते खाली ठेवले आणि निघून गेली.

दुकानदाराचा चेहरा उतरला. त्यानं माझा कोट घेतला, झोळीसारखा धरला आणि आत तांब्याभर पाणी ओतलं. सगळे वाकून बघत राहिलो. एक थेंब पडेल तर शपथ!

"मग मी भिजलो कसा?" माझा ताठा अजून तसाच.

काशिरामनं माझी बाही नाकाला लावली आणि झटकन सोडली.

"लहान्या, पावसाला असा वास येत नाही रे!"

दुकान खदाखदा हसलं. फक्त दुकानदार हसला नाही. त्यानं टॉवेल पुढं केला. "पुसा बाबा, सर्दी होईल."

त्यापेक्षा त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! मी टॉवेल तसाच हातात धरून रस्त्यावर धावलो आणि भर बाजारात ओरडलो,

"अहो बाई, परत या! कोट चांगला आहे, मीच गळतोय!"