पिल्लू कोणत्या पायरीवर आहे

फोन दुपारी आला. संदीप नाशिकहून बोलत होता. आई सकाळी गेली, झोपेतच, असं त्याने सांगितलं आणि विचारलं, "काका, ते पिल्लू आहे का अजून?" आहे, असं मी सांगितलं. पलीकडे माणसांचे आवाज येत होते, भांडं पडल्यासारखा एक आवाज आला आणि फोन बंद झाला. त्याच्या आईचा, विमलताईंचा, शेवटचा फोन आदल्या आठवड्यातला. त्यांनी तब्येतीचं काही सांगितलं नव्हतं. नेहमीचाच प्रश्न विचारला होता : पिल्लू कोणत्या पायरीवर आहे?

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीला लागून जो रस्ता तारापूरकडे जातो, त्याच्या आतल्या बाजूला आमची इमारत. पुढे टँकर, रिक्षा, पाळीच्या बसगाड्या आणि हॉर्न. मागे नाला. येण्याजाण्याचं फाटक नाल्याकडेच, तिथून गच्चीपर्यंत एकच जिना. विमलताई पहिल्या मजल्यावर, माझ्या शेजारी. मूळच्या साताऱ्याकडच्या. नवऱ्याबरोबर इथे आल्या, दोघांनी वेगवेगळ्या कारखान्यांत उमेदीची वर्षं काढली. ताई रंगाच्या कारखान्यात, पॅकिंगमध्ये. नवरा गेल्यावर संदीपने त्यांना नाशिकला नेण्याचे पुष्कळ प्रयत्न केले. त्या गेल्या नाहीत. ही खोली आम्ही दोघांनी घेतलेली आहे, एवढंच त्यांचं उत्तर असे.

पिल्लू आलं ते रामाश्रयच्या टेम्पोखालून. रामाश्रय दुसऱ्या मजल्यावर राहतो, कारखान्यांचा माल वाहतो. एका सकाळी टेम्पो चालू करण्याआधी त्याला खालून ओरडणं ऐकू आलं. त्याने हात घालून ते बाहेर काढलं आणि फाटकाच्या आत ठेवलं. करड्या रंगाचं मांजराचं पिल्लू, मुठीत मावेल एवढं. विमलताईंनी खालच्या पायरीवर वाटी ठेवली आणि त्या दिवसापासून पिल्लावर त्यांचं लक्ष राहिलं. रस्ता असा, की मोठी माणसंही तो ओलांडताना थबकतात. पिल्लू फाटकाबाहेर गेलं की ताई गॅलरीतून हाका मारत. जिन्यावरून येणाऱ्या प्रत्येकाला विचारत, कुठल्या पायरीवर आहे. आम्हाला ती माया वाटली. इमारतीत त्यावरून थट्टा चाले. रामाश्रय म्हणायचा, "मौसी, इसका भी आधार कार्ड बनवा लो." ताई हसायच्या नाहीत. खाली आहे ना, एवढं विचारून आत जायच्या.

मात्र त्या मायेत काही गोष्टी बसत नव्हत्या. त्यांनी पिल्लाला नाव ठेवलं नाही, मांडीवर घेतलं नाही, घरात येऊ दिलं नाही. कोणी वर उचलून आणलं तर रागावत. ते जिन्यावर मोकळं राहिलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. ते नेहमीच्या खालच्या पायरीवर असलं की ताई निवांत. मधल्या वळणावर दिसलं की नाल्याकडची खिडकी बंद. वरच्या पायऱ्यांवर गेलं की दाराच्या फटीला ओला टॉवेल. हा टॉवेल बादलीत कायम भिजत पडलेला असे. आणि दर वेळी शेजाऱ्याला एक प्रश्न : आज वास आहे का? हा प्रश्न बोईसरमध्ये कुणीही कुणालाही विचारतं, त्यामुळे त्यात वेगळं काही जाणवलं नाही.

जाणवलं ते हिराबाईंना. हिराबाई घिवलीहून मासळी घेऊन येतात. एकदा ताईंनी त्यांनाही तेच विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या पाटीला नाय, तुमच्या बोईसरला हाय." जिन्यात उभे असलेले सगळे हसले. ताई मात्र लगेच खिडकीकडे वळल्या. पाटी उचलून खाली जाताना हिराबाई माझ्याशी हळू बोलल्या. ही बाय मासळी नाकाशी धरत नाय, नुसते कल्ले बघते आणि माझ्या तोंडाकडे बघते, असं त्यांचं म्हणणं होतं. बोंबील परवा जरा उतरलेले होते, बाजूच्या गिऱ्हाइकाने नाक मुरडलं, ताईंनी ते पिशवीत घातले. हिराबाईंनीच परत काढून घेतले. मी ते ऐकलं आणि विसरलो.

मग ती दुपार आली. नाल्यावरच्या पुलाशी एक टँकर उभा होता. कुणाचा, कुठला, हे नंतरही कळलं नाही. असे टँकर येतात, नाल्यात रिकामे होतात आणि जातात. ताई जिन्यावर आल्या. खालची पायरी रिकामी. वळण रिकामं. वरच्या पायऱ्या रिकाम्या. त्यांनी रामाश्रयचं दार वाजवलं, माझं वाजवलं, समोरचं वाजवलं. वास आहे का, हे विचारताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. मला वाटलं, पिल्लू हरवल्यामुळे. तिन्ही दारांतून उत्तर जवळपास सारखंच गेलं. रोजचाच आहे. रामाश्रय म्हणाला, रोज का ही है. खोटं कोणी बोललं नाही. ज्याला जेवढा वास येत होता, तेवढा त्याने सांगितला.

पिल्लू रस्त्यावर गेलं असणार, असा अर्थ त्यांनी लावला आणि त्या खाली उतरल्या. फाटकाशी पोचल्या, टेम्पोखाली वाकून पाहिलं, मग नाल्याच्या कडेला मीटरच्या पेटीमागे गेल्या. तिथेच बसल्या. आधी खोकल्याचा आवाज आला, मग आवाज थांबला. तो थांबला म्हणून आम्ही धावलो. तिथे पोचताच डोळ्यांत तिखट गेल्यासारखं झालं, घसा आवळला. ताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड उघडं. हात मात्र मीटरच्या पेटीखाली चाचपडत होता. रामाश्रयने त्यांना खांद्यावर घेतलं. पुलावरचा टँकर तोवर निघून गेला होता. त्यानंतर कुठेतरी भोंगा वाजला, दुकानांची शटर खाली आली, लोक तोंडाला रुमाल लावून पळत सुटले. नेमकं कोणत्या दिशेला पळायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे दोन्हीकडून येणारी माणसं एकमेकांवर आदळत होती.

पिल्लू संध्याकाळी सापडलं. गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यात, अंग चोरून बसलेलं. त्या दुपारी ते शेवटच्या पायरीच्याही वर गेलं होतं. जिन्यावर ते न दिसण्याचे दोन अर्थ होते, खाली की वर, आणि ताईंनी नेमका उलटा लावला.

दवाखान्यात त्यांच्या नाकाला नळी होती. दुसऱ्या दिवशी ती काढल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. संदीप औषधं आणायला खाली गेला होता.

"भाऊ, मला वास येत नाही," त्या म्हणाल्या. "पुष्कळ वर्षं झाली. कसलाच नाही."

कधी गेला, हे त्यांना सांगता येत नव्हतं. एकदा दूध करपून काळं झालं, खोली धुराने भरली, तेव्हा कळलं. कारखान्यात असताना शिकवलेलं एक त्यांच्या लक्षात होतं, की काही वायू जड असतात, जमिनीलगत बसतात, मग हळूहळू वर चढतात. पिल्लू खालून वर सरकताना दिसलं तेव्हा त्यांना ते आठवलं. कधी ते कुत्र्याला घाबरून वर जातं, कधी हॉर्नला, हेही त्यांना ठाऊक होतं. चुकलं तर दोन खिडक्या उगाच बंद होतील, त्यात काय जातं, असा त्यांचा हिशोब. संदीपला सांगितलं असतं तर तो त्याच दिवशी नाशिकला घेऊन गेला असता. म्हणून कुणालाच सांगितलं नाही. स्वयंपाक करताना गॅसच्या बटणावर हात ठेवून उभ्या राहायच्या. झोपताना चपला दाराकडे तोंड करून ठेवायच्या. आजवर मी त्या चपला रोज पाहत होतो. ती टापटीप वाटली होती.

"पिल्लाचं चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळे रोजचाच म्हणालात... मला वाटलं, मग नसेल."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आमच्या नाकांवर त्यांचा पिल्लापेक्षा जास्त विश्वास होता, एवढंच त्या सांगत होत्या.

दवाखान्यातूनच संदीप त्यांना नाशिकला घेऊन गेला. खोलीला कुलूप लागलं. तिथून त्यांचे फोन येत. नाशिकच्या त्या घरापासून आमचा नाला कितीतरी लांब, तरी प्रश्न तोच. मी दार उघडून पाहायचो आणि सांगायचो. खाली आहे म्हटलं की त्या दीर्घ श्वास सोडत, तो फोनमध्ये ऐकू येई. वर आहे म्हटलं की, "खिडकी लावा भाऊ, आत्ता लावा," आणि मी लावेपर्यंत फोन ठेवत नसत. त्या आता स्वतःसाठी विचारत नव्हत्या, हे उशिरा लक्षात आलं.

दिवसकार्य उरकल्यावर संदीप खोली आवरायला आला. सकाळची वेळ होती. मी किल्ली घेऊन बाहेर आलो, कुलूप काढलं. आत सगळं जसंच्या तसं होतं. बादलीतला टॉवेल वाळून कडक झाला होता, भिंतीवर दोघांचा जुना फोटो, नाल्याकडची खिडकी वाऱ्याने थोडी उघडलेली. संदीप उंबऱ्यात थांबला. त्याने खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. खोली बरेच दिवस बंद होती, म्हणून असेल असं मी म्हटलं. त्याने मान हलवली आणि खिडकीकडे बोट केलं.

"बाहेरून येतोय, काका. डोळे झोंबतायत माझे. तुम्हाला येत नाहीये?"

मी खिडकीपाशी गेलो आणि श्वास घेतला. मग आणखी खोल घेतला. रामाश्रय जिन्याने खाली चालला होता, त्याला थांबवून विचारलं. त्याने नाक वर करून हुंगलं आणि खांदे उडवले.

पिल्लू आता मोठं मांजर झालं आहे. ते वळणाच्या वरच्या पायरीवर होतं. बसलेलं नव्हतं, उभं होतं, आणि आमच्या देखत आणखी एक पायरी चढलं. मी रामाश्रयचा दंड धरून त्याला आत घेतलं. संदीपने खिडकी ओढून लावली. मी बादली नळाखाली धरली आणि तो कडक टॉवेल भिजेपर्यंत पाणी सोडत राहिलो.