टिप्याच्या पेटीचं माप

२००६, एप्रिलमधला रविवार, भर दुपार. पेटीचे ठरलेले रुपये अठराशे. हजर: मी, माझी बायको शोभा, कूलर बनवणारा अशोक आणि टिप्या. ठिकाण सिंदी रेल्वे हे गाव, आमचं राहतं घर. आत्मा वगैरे मी तेव्हाही मानत नव्हतो, आजही मानत नाही... म्हणून घडलं तेवढंच लिहितो.

टिप्या माझ्या थोरल्या भावाचा, दादांचा कुत्रा. दादा आमच्याच घरात पुढच्या खोलीत राहत. दिवाळीनंतर ते वारले. त्यांची मुलगी पिंकी दुबईला असते. फोनवर रडून म्हणाली, "काका, बाबांचं तेवढंच उरलंय. टिप्याला माझ्याकडे पाठवा."

लस टोचली, कातडीखाली चिप बसवली, कागद झाले. राहिली विमानाची पेटी. नियम असा की आत कुत्र्याला ताठ उभं राहता यावं, कान छताला लागू नयेत. नाहीतर विमानतळावरूनच परत. माप मीच घेतलं. उंची एकोणीस इंच – दोनदा मोजली.

अशोकने आणलेली पेटी म्हणजे हुबेहूब कूलर! तीन बाजूंना जाळी, समोर दार.

"याच्यात पानी नोका टाकू बरं, काकाजी," तो हसला.

टिप्या आत जाईना. जमिनीला चिकटून बसला. मी सवयीने चप्पल उचलली...

आणि दादांच्या खोलीतून आवाज आला. आधी खोकला, मग – "उठ बाबू. उभा राह्य. आता कोनी मारत नाई तुले."

आवाज दादांचाच. अशोकने तर दादांना कधी पाहिलंही नव्हतं, पण आधी तोच बोलला, "आत कोन आहे, काकाजी?" शोभाने डोक्यावर पदर घेतला.

खोलीला कुलूप होतं, किल्ली माझ्या खिशात. उघडलं. रिकामी खाट, बंद खिडकी, धूळ. रेडिओ नाही, टेप नाही.

वळलो तर टिप्या उभा! मान वर, कान ताठ, शेपूट हलतंय. सरळ पेटीकडे गेला, आत शिरला आणि डोकं छताला अडलं. अशोकने त्याला बाहेर घेऊन मापाचा टेप लावला. तेवीस इंच.

"बसल्या कुत्र्याचं माप देल्लं का, काकाजी?"

"उभ्याचंच होतं," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

"तुमच्यासमोर तो कधी सरळ उभा राह्यला, मले सांगा," शोभा म्हणाली. तेही परक्या माणसासमोर.

दादा गेल्यापासून भुंकला की चप्पल, दारात आडवा आला की चप्पल. पिंकीला फोनवर मात्र "मजेत आहे". माझ्यापुढे तो पाय दुमडूनच यायचा, आणि मी तीच त्याची उंची समजलो.

आवाजाचा खुलासा मला आजवर झालेला नाही. शेजारी गोदाम, रविवारी बंद. तिघांना एकच भास, तोही त्याच शब्दांत? पटत नाही. पण रात्री आठवतो तो आवाज नाही... आठवतं ते अशोकने माझ्या हातातल्या चपलेकडे पाहिलेलं.

दुसरी पेटी सव्वीस इंची झाली. तिचे पैसे पिंकीने पाठवले, आणि मे महिन्यात टिप्या तिच्याकडे सुखरूप पोचला. पहिल्या पेटीचे अशोक अर्धेच मागत होता. त्या पेटीबद्दल पिंकीला मी अजून सांगितलेलं नाही. तिचे अठराशे पूर्ण, माझ्या खिशातून, अशोकला दिले.