कलम अकरामधला ‘आमच्या’

सरकारी छापखान्यात तिला सगळे शंकाबाई म्हणत, आणि तिच्या तोंडावर म्हणत. सव्वीस वर्षं तिनं एकच काम केलं होतं. कायदे, नियम, अधिसूचना छपाईला जाण्याआधी शेवटची नजर तिची. चूक दिसली की लाल शाईनं खूण. आणि मजकुरात काही खटकलं, तर गुलाबी कागदावर शंकापत्रक लिहून ज्या खात्याचा मजकूर त्या खात्याला पाठवायचं. इतर मुद्रितशोधक वर्षाला पाच-दहा पाठवत. ही आठवड्याला तेवढी पाठवायची. खात्यांत तिचा गुलाबी कागद दिसला की कारकुनांच्या कपाळाला आठ्या पडत.

तिची खोली पहिल्या मजल्यावर, यंत्रांच्या बरोबर वर. खाली छपाई सुरू झाली की टेबलावरचा पाण्याचा पेला आपोआप कडेकडे सरकायचा. समोर तिचा जोडीदार बसे. मूळ मसुदा मोठ्यानं वाचणं हे त्याचं काम, छापील प्रतीवर नजर ठेवणं हिचं. तो माणूस इतकी वर्षं विरामचिन्हांसकट वाचत आला होता, त्यामुळे घरीसुद्धा “जेवायला वाढ पूर्णविराम” असं म्हणतो, अशी त्याची थट्टा चाले.

तर त्या दिवशी औषधांच्या कारखान्यांबद्दलचं नवं विधेयक आलं होतं. तातडीचं. जोडीदार एका सुरात वाचत होता. “कलम अकरा पूर्णविराम आमच्या कारखान्यांची तपासणी करावयाची झाल्यास स्वल्पविराम किमान तीस दिवस आधी आम्हांस कळवणे बंधनकारक राहील पूर्णविराम कलम बारा...”

“थांबा,” शंकाबाई म्हणाली. “कुणाच्या कारखान्यांची?”

जोडीदारानं चष्मा वर केला, पुन्हा वाचलं. मग मसुदाच तिच्यापुढे सरकवला. “आमच्या. असंच आहे. शिक्कासुद्धा खात्याचा आहे.”

“सरकारचे औषधांचे कारखाने कधीपासून निघाले?”

“मला काय विचारताय? मी फक्त वाचतो.”

बाईला हसू आलं आणि पाठोपाठ संतापही. कुठल्या तरी कंपनीनं आपल्या सोयीचा कायदा लिहून दिला होता आणि खात्यानं तो न वाचता पुढे ढकलला होता. निदान ‘आमच्या’ तरी खोडायचं! चोरी करायची ती करायची, वर एवढा आळस? सासूबाईंची रक्तदाबाची गोळी अशाच कुठल्या तरी कारखान्यातून येत होती. तीस दिवस आधी पाहुणे येणार हे कळलं, तर कुणाचं घर स्वच्छ नसतं?

तिनं शंकापत्रक लिहिलं: “कलम अकरा. ‘आमच्या’ आणि ‘आम्हांस’ म्हणजे कोणाच्या व कोणास? खुलासा व्हावा.”

दुपारी खात्याच्या उपसचिवांचा फोन आला. “बाई, ते ‘उत्पादकांच्या’ करून टाका. साधी चूक आहे.”

“करते साहेब. तेवढं लेखी पाठवा.”

“लेखी कशाला? मी सांगतोय ना.”

“मसुद्यातला शब्द लेखी आदेशाशिवाय बदलायचा नाही, असा नियम आहे. तुमच्याच खात्यानं काढलेला.”

लेखी द्यायचं म्हणजे चूक झाली हे मान्य करायचं, आणि मग कुणाची हा प्रश्न येणारच. उपसचिवांनी “बघतो” म्हणून फोन ठेवला आणि काहीच पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं दुसरं पत्रक पाठवलं, तिसऱ्या दिवशी तिसरं. चौथ्या दिवशी तिसरं पत्रक परत आलं. त्यावर कारकुनानं नेहमीचा शिक्का मारला होता, ‘मूळ मसुद्याप्रमाणे छापावे’, आणि खाली उपसचिवांची ऐसपैस सही. वाचून केली असती, तर इतकी ऐसपैस आली नसती.

जोडीदारानं ते दोनदा वाचलं. “आता?”

“आता काय? साहेबांचा हुकूम आहे. छापा.”

विधेयक सभागृहात गेलं त्या दिवशी बाईला सुट्टी होती. सासूबाई टीव्हीसमोर पाय पसरून बसल्या होत्या. आरोग्यमंत्र्यांवर त्यांचा फार जीव. एकदा दवाखान्याच्या उद्घाटनाला त्यानं यांचा हात हातात घेऊन चौकशी केली होती. तेव्हापासून घरात त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढायची सोय नव्हती.

विरोधी बाकावरची एक सभासद उठली आणि कलम अकरा खणखणीत आवाजात वाचू लागली. सभागृहात हशा पिकला. “मंत्रिमहोदय, हे ‘आम्ही’ कोण?” मंत्री उठले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “ही छपाईतली चूक आहे. छापखान्यातल्या एका कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. कारवाई होईल.”

“अगं, कोण गं ही धांदरट?” सासूबाई हळहळल्या. “एवढ्या चांगल्या माणसाला खाली पाहायला लावलं!”

“मी,” बाई म्हणाली.

सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बारीक केला. बाईनं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेवटी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “होते गं माणसाकडून चूक. कबूल करून टाकावी. तो मोठ्या मनाचा आहे, सांभाळून घेईल.”

सव्वीस वर्षांच्या नोकरीत बाईला इतकं हताश कधी वाटलं नव्हतं. बाहेरचे सोडाच, घरच्या माणसाला पटवायलासुद्धा शिक्क्याचा कागद हवा होता, आणि तो छापखान्याच्या कपाटात होता.

दोन दिवसांनी हातात नोटीस पडली. छापखान्याच्या व्यवस्थापकांनी ती देताना नजर मिळवली नाही. “माफीचे दोन शब्द लिहा आणि विषय मिटवा,” ते म्हणाले. “मलाही नोकरी आहे.” बाईनं दोन शब्द लिहिले नाहीत. पहिल्या दोन शंकापत्रकांच्या नकला आणि परत आलेलं तिसरं घेऊन ती चौकशी समितीपुढे गेली. लांबलचक टेबल, पलीकडे तीन साहेब, खिडकीतून येणारं ऊन नेमकं हिच्या डोळ्यांवर.

पत्रकं एका हातातून दुसऱ्या हातात गेली. उपसचिवांच्या सहीपाशी आल्यावर प्रत्येकानं घसा साफ केला.

“तुम्हाला खटकलं होतं, तर दुरुस्त का नाही केलंत?” अध्यक्षांनी विचारलं.

“साहेब, मला शुद्धलेखन दुरुस्त करायचा अधिकार आहे. ‘आमच्या’ शुद्ध आहे. वाक्य व्याकरणात बसतं.”

“मग चूक कशात आहे?”

“ते शोधायला तुम्हाला नेमलंय ना?”

तिघांपैकी एकजण खाली मान घालून हसला. बाकी दोघांनी कागदावर काही तरी लिहिलं.

महिन्याभरानं अहवाल आला. दोष कुणाचाच नव्हता. ‘दोन कार्यालयांतील संवादाचा अभाव’ एवढंच निघालं. मसुदा मुळात कुठून आला, हे कुणी विचारलंच नव्हतं. नोटीस मागे घेतली गेली, त्याबद्दल बाईनं आनंद मानावा अशी सगळ्यांची अपेक्षा होती. उपसचिवांना बढती मिळाली. आणि विधेयक दुरुस्त होऊन पुन्हा तिच्याच टेबलावर आलं. जोडीदारानं वाचलं, “उत्पादकांच्या कारखान्यांची तपासणी करावयाची झाल्यास स्वल्पविराम किमान तीस दिवस आधी उत्पादकांस...”

पुढचं तिनं ऐकलं नाही. तीस दिवस जसेच्या तसे. एकही काना-मात्रा चुकलेला नाही. शंका विचारायला जागाच ठेवली नव्हती. ‘छापण्यास हरकत नाही’ हा शिक्का मारताना तिनं तो इतक्या जोरात आपटला, की शाई जोडीदाराच्या बाहीवर उडाली.

त्या संध्याकाळी तिनं विधेयकाच्या दोन्ही प्रती आणि शंकापत्रकाची नक्कल घरी नेली आणि सासूबाईंच्या मांडीवर ठेवली. “वाचा. मी काही बोलणार नाही.”

सासूबाईंनी बोट ठेवून ठेवून वाचलं. सहीपाशी बराच वेळ थांबल्या. “म्हणजे तुझं बरोबर होतं. आणि नुसता शब्द बदलला?”

“हो.”

“त्याला माहीत नसेल गं. खालचे लोक सांगत नसतात. आपण जाऊन सांगू.”

बाईनं कपाळाला हात लावला. पण सोमवारी मंत्र्यांच्या लोकभेटीला ती सासूबाईंना घेऊन गेली. दोन तास बाकड्यावर बसल्यावर दोन सुटाबुटातली माणसं रांगेशेजारून थेट आत गेली. सासूबाईंनी शिपायाला विचारलं, “हे कोण?”

“औषध कंपनीचे. त्यांची वेळ ठरलेली असते, आजी.”

“आणि आमची?”

“तुमचीही ठरलेली आहे की. दर सोमवारी.”

तिसऱ्या सोमवारी एकदाचा नंबर लागला. मंत्र्यांनी सासूबाईंचा हात दोन्ही हातांत घेतला, फोटो निघाला. “कलम अकरा...” सासूबाईंनी सुरुवात केली. “काळजी करू नका, आई. आम्ही आहोत ना,” मंत्री म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले. सगळं मिळून अर्धं मिनिटसुद्धा नाही.

घराच्या जिन्यात सासूबाई कठडा धरून थांबल्या. “माझं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही गं मेल्यानं. पुढच्या सोमवारी मी लिहूनच नेणार. तू तपासून दे.”

“आई, काही उपयोग नाही.”

“नसू दे. एकदा त्याला पूर्ण ऐकायला लावते.”

दुसऱ्या दिवशी बाईनं व्यवस्थापकांपुढे अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज ठेवला. कारण: मंत्र्यांची भेट.

“पुन्हा?” ते वैतागून म्हणाले. “या बाबतीत तुमचं समाधान झालेलं दिसत नाही.”

“माझं सोडा हो,” बाई म्हणाली. “आता सासूबाईंनी मनावर घेतलंय. सही करा.”