बाईंचा आडवा हात

"ऐकायचं नंतर. आधी माझ्याकडे बघायचं."

वर्गात पाऊल टाकलं की बाई हे एकदाच म्हणायच्या, तेही शेजारणीशी बोलावं इतक्या हळू. मग फळ्यासमोर नुसत्या उभ्या राहायच्या, दोन्ही हात मोकळे सोडून. वर्ग कुठलाही असो, गलका कमी कमी होत शेवटी पंख्याची कुरकुर ऐकू यायची. तुमच्याही शाळेत अशी एखादी धाकाची बाई असेल, पण तिच्या हातात बहुधा छडी असेल. आमच्या बाईंच्या हातात खडूशिवाय काही नसायचं.

मी कोल्हापूरकडचा. रत्नागिरीजवळच्या या बंदरावरच्या शाळेत नेमणूक झाली, तेव्हा आवाज हेच माझं भांडवल होतं. आमच्याकडे मास्तरचा आवाज मैदानाच्या त्या टोकाला पोचलाच पाहिजे. पहिल्याच आठवड्यात मी सातवीवर असा काही ओरडलो की शेजारच्या वर्गातली पोरं उठून उभी राहिली. माझी सातवी मात्र खूश झाली. तिनं तितक्याच मोठ्यानं उत्तरं दिली, न विचारलेल्या प्रश्नांचीही दिली. माझा घसा बसला आणि सातवी आणखी रंगात आली.

तेव्हा बाईंनी मला शिक्षकांच्या खोलीत बसवून आल्याचा चहा पाजला. म्हणाल्या, "सर, ही सगळी होडीवाल्यांची पोरं. इंजिनाच्या आवाजात बोलायची सवय, ती घरी आल्यावर पण सुटत नाय. तुम्ही ओरडता ना, तेव्हा ह्यांना वाटतं सर गप्पा मारतायत."

बाईंना हे ठाऊक असणारच. त्यांचे वडील तांडेल होते, म्हणजे मासेमारीच्या होडीवरचे प्रमुख. इंजिन सुरू झालं की तिथे आवाजाचा काही उपयोग नसतो. तांडेल हातानं सांगतो आणि सगळे त्याच्या हाताकडे बघतात. बाईंनी वडिलांच्या त्या खुणा उचलून वर्गात आणल्या होत्या. तळवा आडवा धरून सावकाश खाली नेला की जिथे आहात तिथेच थांबायचं. बोटं वळवली की त्या दिशेनं निघायचं. पोरांना हे शिकवावंच लागलं नाही, कारण बापाचा हात त्यांनी पाहिलेला होता. मी मात्र वर्षभर आरशासमोर सराव केला, तरी पोरं हसायची. मी एसटी थांबवतोय असं वाटतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

एकदा मुलाला कबड्डीच्या संघातून वगळलं म्हणून एक पालक तावातावानं आला. तो बोलेल त्याच्यापेक्षा बाई दरवेळी हळू उत्तर देत गेल्या. ऐकू येईना म्हणून तो पुढे वाकला, आणि इतकं पुढे वाकून ओरडणं त्याला जमेना. शेवटी दोघं जण लग्नाची बोलणी करावीत तसे कुजबुजत होते. निघताना त्यानं चपलासुद्धा आवाज न करता घातल्या.

बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी सगळे त्यांच्या शिस्तीबद्दल बोलले. मीही बोलायला उठलो आणि आभाराची दोन वाक्यं म्हणून खाली बसलो. तेव्हा सांगायचं राहिलं ते इथे सांगतो.

श्रावणातला शनिवार, सकाळची शाळा. मी खडू मागायला बाईंच्या वर्गाशी गेलो. दार वर्गाच्या मागच्या बाजूला, ओसरीकडे. चपला ओसरीत काढायच्या ही शाळेची पद्धत, त्यामुळे आत सगळे अनवाणी, बाईसुद्धा. शिकवता शिकवता बाई मध्येच थांबल्या. पहिल्या बाकाखाली, प्राची नावाच्या मुलीच्या दप्तराला लागून, फुरसं वेटोळं घालून बसलं होतं. अंग अंगावर घासून ते करवतीसारखी खरखर करत होतं. वर प्राची आपल्या सवयीनं पाय हलवत बसली होती.

एक पोर जरी किंचाळलं असतं तरी अख्खा वर्ग अनवाणी धावत सुटला असता. फुरशाचं विष काय असतं हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. बाईंचा चेहरा जराही बदलला नाही. तळवा आडवा झाला आणि सावकाश खाली आला. प्राचीचा पाय हवेत होता तो तिथेच थांबला.

मग बाईंनी मागच्या बाकाकडे पाहून बोटं दाराकडे वळवली. मागचा बाक उठून बाहेर गेला, मग त्याच्या पुढचा. का, कशाला, असं कोणी विचारलं नाही. शेवटी प्राची उरली. बाईंनी तिच्यावरची नजर काढली नाही. त्यांच्या हाताच्या इशाऱ्यासरशी तिनं पाय वर घेतले, बाकांवरूनच मागे मागे आली आणि माझ्यापाशी उतरली. आपण कशावर बसलो होतो हे तिला अजून कळलंच नव्हतं. मला त्या क्षणी बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

पण त्या हालचालीनं फुरसं वेटोळं सोडून बाकांखाली शिरलं. आता बाई फळ्याच्या कोपऱ्यात एकट्या, दार दुसऱ्या टोकाला. ते कुठे गेलं हे त्यांना तिथून दिसत नव्हतं. मला दिसत होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांच्या डोळ्यांत भीती मी पहिल्यांदा पाहिली.

मी हात वर केला, तळवा आडवा धरला आणि सावकाश खाली नेला. बाई थांबल्या. फुरसं मधली वाट ओलांडून खिडकीच्या भिंतीकडे जाईपर्यंत मी हात तसाच ठेवला. मग बोटं माझ्याकडे वळवली. बाई निघाल्या. पायांखाली एकदाही न बघता, माझ्या हाताकडे बघत त्या दारापर्यंत आल्या.