मनोरीच्या लोहाराकडे विळी घेऊन

एका विळीच्या पात्याला पाणी पाजायला मला सहाशे साठ रुपये पडले. त्यातले लोहाराने घेतले साठ. बाकीचे रिक्षा, फेरीबोट, बस आणि मांदेलीच्या ताटात गेले. नवीकोरी विळी साडेतीनशेला मिळते, तीही माझ्याच दुकानात.

बोरीवली स्टेशनबाहेर गोणपाटावर सुऱ्या मांडून मी धंदा सुरू केला. आता सुऱ्या-विळ्यांची दोन दुकानं आहेत. पण माझ्या घरात माझा माल चालत नाही.

"तुमची विळी कांद्यापुरती ठीक आहे," बायको म्हणाली. "माशाला आईचीच लागते. मनोरीच्या लोहाराने केलेली आहे ती, पण आता धार धरत नाही. म्हातारा अजून भट्टी लावतो म्हणतात. तुम्हीच जाऊन या."

तर मंडळी, शनिवार-रविवार सोडून जा, नाहीतर मार्वे जेट्टीवर गिटारवाल्यांच्या मागे उभे राहाल. मी मंगळवारी निघालो. लिंक रोडवरून मार्वेपर्यंत रिक्षाचे दोनशे चाळीस झाले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली विळी मांडीवर होती. रिक्षावाल्याने आरशातून तिच्याकडे तीनदा पाहिलं आणि उरलेल्या सुट्ट्या पैशांवरून अजिबात वाद घातला नाही. बोटीचे येऊन-जाऊन चाळीस. खाडी पार व्हायला फार वेळ लागत नाही. बोटीत उभा राहून नवरदेवासारखा फोटो काढू नका, मागचे लोक बोलतात. पलीकडे शेअर रिक्षाचे माणशी वीस, येताना पुन्हा वीस.

आधी जेवून घ्या. अडीचशेत तळलेली मांदेली, तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि सोलकढी. मी आणखी एक भाकरी मागितली तर वाढणारी बाई म्हणाली, "लोहाराकडे चाललाय ना? खाऊन घ्या. तिथे भांडणच मिळेल."

भट्टी म्हणजे पत्र्याची शेड, दाराला गोणपाट. आत काळोख, कारण तापलेल्या लोखंडाचा रंग उजेडात नीट दिसत नाही. सदूबाबा ऐंशीला टेकलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन का करत नाही विचारलं, तर म्हणाले, "डॉक्टर हत्यार दाखवत नाही. कुणी पाणी पाजलंय ते बघितल्याशिवाय डोळ्याला लावू देऊ?"

शेजारी त्यांची बायको, काशीआजी, हाताने पंखा फिरवून निखारे फुलवत होती. दोघांचं आठ दिवस बोलणं बंद. आजींना भट्टी मोडून तिथे पार्टीवाल्यांच्या गाड्या लावायला जागा द्यायची आहे. बाबांना नाही. पण रंग सांगायचं काम पहिल्यापासून आजींचं, आणि आता तर बाबांना ते दिसतही नाहीत. म्हणून रंगापुरतं बोलणं चालू होतं.

माझ्या आधी हिराबाय होती, मासळी विकणारी. कमरेवर हात ठेवून उभी. "सदूबा, मागच्या टायमाला माजा कोयता रावसाच्या डोक्यावर तुटला. गिऱ्हाईक हसला. आज परत तसा झाला ना, तर मी आन् बाजारातल्या सगळ्या जणी तयार माल घेणार. मग तू भट्टीवर चाय उकळ."

बाबांनी कोयता निखाऱ्यात खुपसला. कोयता लाल करून त्यांनी नुसती धार पाण्यात टेकवली, बाहेर काढून विटेच्या तुकड्याने घासली. आता मागच्या जाड भागातली धग धारेकडे सरकते आणि चकाकत्या लोखंडावर रंग चढत जातात. आजींनी त्यांना नावं दिलीत: लिंबू, हळद, वांगं, मोरपीस. हळद संपून वांगं लागायच्या बेताला अख्खं पातं बुडवायचं. लवकर बुडवलं तर धार तुटते, उशीर झाला तर दुमडते. मध्ये वेळ किती? शिंक येऊन जाईल इतका.

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. म्हातारीने नुसता चुकीचा रंग सांगितला, तर संध्याकाळपर्यंत इथे पार्किंग!

"लिंबू," आजी म्हणाल्या.

"बरं."

"हळद."

मग गप्प. बाबांनी सांडशी पाण्यावर आणून धरली. "अगो, सांग ना!"

"घाई कोणाला झालीय? ... आता!"

चर्रर्र झालं. बाबांनी ऐरणीवर खिळा ठेवला आणि कोयता हाणला. खिळ्याचे दोन तुकडे. हिराबायने धारेवरून अंगठा फिरवला, पदराला पुसला आणि म्हणाली, "उद्या चार जणींचे कोयते आणते. पण पैसे आजीकडे देईन, तू हरवतोस."

ती गेल्यावर मी हळूच म्हटलं, "आजी, खोटा रंग सांगितला असता तर आजच भट्टी बंद झाली असती."

आजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जरा मागे सरकलो. "बंद करायची तर भांडून करीन. रंग खोटा सांगून कशाला? पन्नास वर्षं तेवढी एकच गोष्ट हा माझी ऐकतोय."

बाबा कोळसे सारखे करत होते. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. फार छान जमलं नाही.

मग माझी विळी. पातं तापलं, आणि मलाही चेव आला. "आजी, तुम्ही जरा बसा. रंग मी सांगतो. तीस वर्षं लोखंडातच गेलीत माझी." आजी खरंच बसल्या. मी लिंबू सांगितलं, हळद सांगितलं, आणि हिराबायच्या कोयत्याचं पोलाद हलकं का होतं तेही बाबांना समजावून सांगितलं. मग म्हटलं, "आता!"

चर्रर्र.

"थांबा, कानस लावून बघतो," बाबा म्हणाले.

"काही गरज नाही बाबा, बोट निघेल. माल कसा झालाय ते मला नजरेनेच कळतं."

आजींनी साठ रुपये मोजून घेतले. "शेठ, तुमचं दुकान कसलं म्हणालात?"

"सुऱ्या-विळ्यांचं."

"हां," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

परत येताना बस धरली, तीस रुपये. घरी पोचेपर्यंत तोच विचार डोक्यात. हे काम शिकायला बाबांकडे कुणी येत नाही, आणि आलं तरी अर्धं काम आजींच्या डोळ्यांत आहे. ते कोण कुठून शिकणार? ज्यांना ही भट्टी चालू असताना बघायचीय त्यांनी लवकर जाऊन या, बाबांचं ऑपरेशन व्हायच्या आत किंवा आजी जिंकायच्या आत.

बायकोला मी सगळं रंगवून सांगितलं. ती ऐकत ऐकत सुरमई चिरायला बसली. पाठीच्या काट्यावर पातं दुमडलं.